चोविसाव्या आठवड्यास



तुला पत्र लिहिण्याचं कारण असं, की गर्भारपणाविषयीचे आपल्याकडचे बहुतेक वाद गेली काही वर्षं तुझ्यापाशी येऊन अडतात. न्यायालयात याचिका आली की पहिला प्रश्न तुझा. सोनोग्राफीत काही वावगं दिसलं की डॉक्टर आधी दिवस मोजतात ते तुझ्यापर्यंतचे. वकील, मंत्री, डॉक्टर, कार्यकर्त्या सगळे तुझ्याबद्दल बोलतात. ज्या बाईच्या पोटात तू भरत असतोस तिला मात्र बहुतेक वेळा तू आहेस हेच ठाऊक नसतं. कळतं तेव्हा हातात चार-सहा दिवस उरलेले असतात.

कायद्यात तू आलास २४ सप्टेंबर २०२१ रोजी. त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षं तुझ्या जागी विसावा आठवडा होता. १९६४ साली केंद्र सरकारने गर्भपाताच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचे मंत्री. समितीपुढचा प्रश्न होता चोरून होणाऱ्या गर्भपातांचा, काड्या घालून, पाला-मुळ्या देऊन मरणाऱ्या बायकांचा. १९७१ साली कायदा झाला, पुढच्या वर्षी १ एप्रिलला तो लागू झाला. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोटातलं पाहता येतं हे १९५८ सालीच दाखवलं होतं, पण आपल्या दवाखान्यांत ते यंत्र यायला बराच अवकाश होता. विसाव्या आठवड्याची रेघ ओढली गेली तेव्हा बाळाच्या हृदयाचे चार कप्पे पडद्यावर पाहून कुणा बाईला निर्णय घ्यावा लागेल, हे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असणं शक्य नव्हतं.

मग यंत्र आलं, आणि रेघ तिथेच राहिली. २००८ साली मुंबईतलं एक दांपत्य आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. बाळाच्या हृदयात गंभीर दोष होता, आणि तो कळला तेव्हा विसावा आठवडा उलटून गेला होता. न्यायालयाने परवानगी नाकारली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या बाईचा गर्भपात आपोआप झाला. विसाचे चोवीस व्हायला तिथून पुढे तेरा वर्षं लागली. त्या तेरा वर्षांत किती जणींनी वकिलाची फी भरली आणि किती जणी फी भरता येत नाही म्हणून गप्प घरी बसल्या, याची नोंद कुठे नाही.

म्हणून तू आलास तेव्हा आम्हाला बरं वाटलं होतं, हे आधी सांगते. आता विसाव्यापर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये दोन डॉक्टर लागतात, आणि बाई नियमांत सांगितलेल्या यादीत बसावी लागते: बलात्कारित, अल्पवयीन, गर्भारपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेली, अपंग, मनोरुग्ण, बाळात गंभीर व्यंग असलेली, आपत्तीत सापडलेली. तुझ्यापलीकडे फक्त वैद्यकीय मंडळ, तेही बाळात मोठं व्यंग असेल तरच. बाईचा जीवच धोक्यात असेल तर कुठलाच आठवडा आड येत नाही. कागदावर हे समजूतदार वाटतं. माझी तक्रार आहे ती तुझ्या अलीकडे काय घडतं त्याबद्दल.

आमच्या घरांत दिवस आठवड्यांनी मोजत नाहीत. तिसरा सरला, पाचवा लागला, सातव्यात डोहाळजेवण, नववा भरत आला. प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर विचारते, "शेवटची पाळी कधी आली होती?" उत्तर येतं, "नागपंचमीच्या आदल्या आठवड्यात असंल." सिस्टर कॅलेंडर उलटते, गोल चकती फिरवून आठवडा काढते आणि कार्डावर लिहिते. हा आठवडा शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, म्हणजे गर्भ राहण्याआधीचे साधारण दोन आठवडेही त्यात आले. बाईच्या मनातल्या हिशोबाने अजून पंधरा दिवस हातात असतात, आणि कार्डाच्या हिशोबाने ते कधीच खर्ची पडलेले असतात. पाळी अनियमित असेल किंवा तान्हं मूल अंगावर पीत असेल, तर हा सगळा अंदाजच. सुरुवातीच्या आठवड्यांत एक सोनोग्राफी झाली तर बाळाच्या लांबीवरून वय पाच-सात दिवसांच्या फरकाने सांगता येतं. हीच पहिली सोनोग्राफी खेड्यापाड्यांत सर्वांत जास्त चुकते.

ती चुकण्यामागे अंतर आहे, पैसा आहे, आणि आमचा एक जुना रिवाजही आहे. तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. चोरओटी भरायची तीही घरातल्या घरात. दृष्ट लागू नये, आणि सुरुवातीला पडलंच तर चारचौघांत तोंड दाखवायची लाज नको, ही त्यामागची माया मला कळते. पण गंमत नाही, दुर्दैव आहे, की बाळाची पहिली महत्त्वाची तपासणी नेमकी याच काळात येते. अकरावा आठवडा पुरा झाल्यापासून चौदावा पुरा होईपर्यंतच बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजता येते. त्याच वेळी आईचं रक्त घेऊन डबल मार्कर करतात. दोन्ही एकत्र धरले तर डाऊन सिंड्रोमची दहापैकी आठ-नऊ बाळं संशयाच्या यादीत येतात. कवटीच तयार न होण्यासारखी काही मोठी व्यंगंही याच सोनोग्राफीत दिसतात. तेव्हा निर्णय घ्यायचा झाला तर तू कितीतरी लांब असतोस. पण आम्ही घरात गप्प असतो, आशाताईंच्या वहीत नाव चढलेलं नसतं, आणि चौथा लागल्यावर पेढे वाटेपर्यंत तो काळ निघून गेलेला असतो. प्रत्येक सासूला, प्रत्येक आईला माझं कळकळीचं सांगणं आहे: गावाला सांगू नका, पण आशाताईला सांगा, पाळी चुकल्याच्या पहिल्या महिन्यात सांगा.

ज्या शहरी बायका वेळेत पोचतात त्यांचं वेगळंच. त्यांच्या मोबाइलवर रिपोर्टची पीडीएफ येते आणि त्यात लाल अक्षरांत 'हाय रिस्क' असतं. खाली लहान टायपात लिहिलेलं असतं, १:१८०. याचा अर्थ असा, की अशा एकशे ऐंशी बायका घेतल्या तर त्यांतल्या एकशे एकोणऐंशी जणींच्या बाळाला तो आजार नसेल. हे समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं गर्दीच्या ओपीडीत मिळत नाहीत. रात्रभर जागून, गूगल चाळून, सकाळी ती डॉक्टरांकडे येते तेव्हा तिने मनात बाळाचं मरण धरलेलं असतं. चाळणी आणि निदान वेगळं. डबल मार्कर चाळणी आहे. आईच्या रक्तातले बाळाचे डीएनएचे तुकडे तपासणारी एनआयपीटी दहाव्या आठवड्यापासून करता येते. अशा तुकड्यांचा शोध डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली जाहीर केला. ती कितीतरी अचूक आहे, महागही आहे, आणि तरीसुद्धा चाळणीच आहे. पक्कं सांगायचं तर वारेचा तुकडा किंवा गर्भजल काढून तपासावं लागतं. गर्भजल काढतात पंधराव्या आठवड्यानंतर, आणि पूर्ण रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे जातात. मोज आता तूच. विसावा आलाच.

आणि विसाव्याच्या आसपासच ती सोनोग्राफी असते जिला सगळे 'ॲनोमली स्कॅन' म्हणतात.

माझ्या भाचीची ही सोनोग्राफी एका तालुक्याच्या गावी झाली. वेळ मिळाली होती एकोणिसाव्या आठवड्यात, पण शेतीची कामं, मग नवऱ्याची सुट्टी, मग केंद्राची मशीन बंद, असं करत एकविसावा संपत आला. भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी, फॉर्म 'एफ'वर सही, पोटावर गार जेल. डॉक्टर आधी बोलत होते: हे डोकं, हा पाठीचा कणा, हे बघा हात. मग बोलणं थांबलं. प्रोब एकाच जागी पुन्हापुन्हा फिरत राहिला. तिला कुशीवर वळायला सांगितलं, चालून यायला सांगितलं, पुन्हा झोपवलं. "हृदयाची डावी बाजू नीट वाढलेली दिसत नाही, शहरात जाऊन फीटल एको करून घ्या," एवढंच ते म्हणाले. शहरात फीटल एको, म्हणजे बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, करणाऱ्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली. तिथे खात्री झाली. डावा कप्पा जवळजवळ नाहीच. जन्मल्यावर काही दिवसांतच एक मोठी शस्त्रक्रिया, पुढे आणखी दोन, आणि तरीही खात्री नाही. तेव्हा तेविसावा लागला होता.

तिथून पुढच्या तीन दिवसांत त्या घरात जे बोलणं झालं ते सगळं तुझ्याबद्दल होतं. बाळाबद्दल फार थोडं. भाचीला एका बालहृदय शल्यविशारदांना भेटायचं होतं. अशी शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या मुलाच्या आईशी बोलायचं होतं. हे सगळं होण्यासारखं होतं, पण त्याला आठ-दहा दिवस लागले असते, आणि तेवढे दिवस काढले तर तू उलटून जाशील आणि मग कोर्टकचेरी करावी लागेल, असं तिला भोवतालचा प्रत्येक माणूस सांगत होता. तुझ्यापलीकडे मंडळाकडे जाता येतं, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिने गर्भपात करून घेतला. निर्णय चुकला असं ती म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण ती एवढंच म्हणते, की मला विचार करायला मिळाला नाही.

हेच मला तुला सांगायचं आहे. तुझ्यावरच्या सगळ्या चर्चा तू कुणाला अडवतोस याबद्दल असतात. तू किती जणींना घाई करायला लावतोस, याबद्दल कुणी बोलत नाही. ज्या बाईने आणखी एक मत घेतलं असतं, जिने कदाचित बाळ ठेवलं असतं, तीही तुझ्या धास्तीने आधीच टेबलावर जाते. जीव वाचवण्यासाठी ओढलेली रेघ काही वेळा घाईनेच जीव घेते. आणि काही दोष तर तुझ्या आत दिसतच नाहीत. मेंदूची वाढ खुंटणं, डोकं लहान राहणं हे पुष्कळदा अठ्ठाविसाव्या-तिसाव्या आठवड्याला लक्षात येतं. २०२३ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयापुढे तेहेतिसाव्या आठवड्यातली, बाळात असाच दोष निघालेली एक बाई आली. मंडळाने नको म्हटलं होतं. न्या. गौतम पटेल आणि न्या. शिवकुमार डिगे यांच्या खंडपीठाने परवानगी दिली आणि निवडीचा हक्क मंडळाचा नाही, त्या बाईचा आहे, असं स्वच्छ सांगितलं. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो.

नियमांप्रमाणे मंडळाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत तपासून मत द्यायचं असतं, आणि होकार असेल तर पाच दिवसांत गर्भपाताची व्यवस्था व्हायला हवी. हा नियम चांगला आहे. तो जिल्हा रुग्णालयाच्या प्रसूती विभागात, सोनोग्राफी केंद्रात, मराठीत, मोठ्या अक्षरांत लावलेला मी अजून पाहिलेला नाही. लिंगनिदानाच्या पाटीशेजारी त्याला जागा होईल.

त्या पाटीबद्दलही बोललं पाहिजे, कारण ती तुझ्या अंगाशी चिकटलेली आहे. गर्भजल तपासणी आपल्याकडे सत्तरच्या दशकात आली ती व्यंगं शोधायला, आणि ऐंशीच्या दशकापर्यंत मुंबईत ती मुली शोधायला वापरली जाऊ लागली. इथल्या स्त्री-संघटनांनी लढून १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा महाराष्ट्रात करून घेतला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरी २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात मुली निघाल्या ८९४, बीड जिल्ह्यात ८०७. त्यानंतर परळीचं बेकायदा गर्भपातांचं प्रकरण, पुढे २०१७ मध्ये तसंच म्हैसाळचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. आर. व्ही. अशोकन गोव्यात म्हणाले, की कायदा फसला आहे, लिंगनिदान खुलं करावं आणि मुलीचा गर्भ कळला की त्यावर नजर ठेवावी. मला हे अजिबात मान्य नाही. ज्या घरात मुलगी नको आहे त्या घरातल्या सुनेला तो रिपोर्ट हातात देऊन आपण तिचं काय करू, याचा विचार आधी व्हायला हवा. नजर राहील ती तिच्यावर, आणि मारही तिलाच बसेल.

पण कायद्याचा धाक चुकीच्या माणसांना बसलाय, हे डॉ. अशोकन यांचं दुखणं खरं आहे. परळीनंतर महाराष्ट्रात औषध दुकानांतून गर्भपाताच्या गोळ्या दिसेनाशा झाल्या, जणू गोळीला मुलगा-मुलगी कळते. त्या गोळ्या द्यायच्या असतात सुरुवातीच्या आठवड्यांत, जेव्हा सोनोग्राफीत लिंग दिसतही नाही. आजही पंधराव्या-सोळाव्या आठवड्याला आलेल्या बाईकडे कित्येक डॉक्टर संशयाने बघतात आणि "आम्ही करत नाही" म्हणून पुढच्या गावी पाठवतात. एका नकारात आठवडा जातो, दोन नकारांत तू दारात उभा राहतोस.

आणखी एक वाद आहे, आणि त्यात मला दोन्हीकडचं पटतं. अपंगत्वाच्या चळवळीतली माणसं विचारतात, की निरोगी बाळ असेल तर तुझ्यापाशी दार बंद, आणि व्यंग असेल तर उघडं, याचा अर्थ काय घ्यायचा? आमचं जगणं कमी मोलाचं, असाच ना? डाऊन सिंड्रोम असलेली मुलं आज शाळेत जातात, काम करतात, मोठी होतात. त्यांच्या आईवडिलांशी बोलल्याशिवाय कुणी डॉक्टरने "काढून टाका" म्हणू नये. पण त्याच वेळी जी आई म्हणते की मला झेपणार नाही, तिला पाषाणहृदयी म्हणायचा हक्क कुणालाही नाही. कारण मूल झाल्यावर फिजिओथेरपीला बस बदलून नेणारी तीच असते, नोकरी सोडणारी तीच, आणि आपल्यामागे याचं कसं होणार म्हणून रात्री जागणारी तीच. जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांसाठी थेरपीची पुरेशी सोय नाही, अनेक शाळा घेत नाहीत, आणि मग आपण म्हणतो की निवड तिची आहे. सोयी दिल्या तर त्यातल्या काही जणी वेगळी निवड करतील. तशी ती करता यायला हवी.

निरोगी बाळाच्या बाबतीत तू जास्त कठोर आहेस. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये दोन मुलांची एक आई सव्विसाव्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयात गेली. मूल अंगावर पीत असल्याने पाळी आलेलीच नव्हती, म्हणून दिवस गेलेले कळले नाहीत. बाळंतपणानंतर मन बिघडण्याचा आजार तिने भोगला होता, अजून औषधं चालू होती. ९ तारखेला दोन न्यायाधीशांनी परवानगी दिली. मग एम्सच्या डॉक्टरांनी कळवलं, की बाळ जगण्याची शक्यता आहे, हृदय थांबवायचं का ते सांगा. खंडपीठात मतभेद झाले, आणि १६ तारखेला तीन न्यायाधीशांनी परवानगी नाकारली. त्या डॉक्टरांना पडलेला प्रश्न मी हलका मानत नाही. तुझ्या वयाचं बाळ जेमतेम सहाशे-साडेसहाशे ग्रॅमचं असतं, आणि मोठ्या शहरातल्या चांगल्या अतिदक्षता विभागात त्यातली काही जगतात. म्हणून तर माझा भर तुझ्या पुढच्या आठवड्यांपेक्षा मागच्या आठवड्यांवर आहे. लहान मूल घेऊन लसीला आलेल्या प्रत्येक आईला नर्सने एवढं सांगितलं असतं, की पाळी आली नाही तरी दिवस राहू शकतात, आणि एक चाचणीपट्टी हातात ठेवली असती, तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा तो आठवडा कदाचित वाचला असता.

अल्पवयीन मुलींचं तर याहून कठीण. त्या घाबरून सांगत नाहीत, आया पोट दिसेपर्यंत ओळखत नाहीत, मग पोलीस, मग जबाब. २०२४ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या चौदा वर्षांच्या मुलीला सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ तिसाव्या आठवड्यात परवानगी दिली, आणि आठवडाभरातच पालकांचं मन बदलल्यावर आदेश मागे घेतला. उशीर झाला की दोन्ही वाटा जिवावरच्या असतात, आणि त्या लेकीला यातली कुठलीच निवडायची नव्हती.

तुला पुढे सरकवून अठ्ठाविसावा करावा का, हा वाद चालू राहील. बाळात मोठं व्यंग असेल तर मंडळाने सल्ला द्यावा आणि निर्णय बाईचा असावा, हे माझं मत आहे. पण त्यासाठी संसदेची वाट पाहायची गरज नसलेली कामं कितीतरी आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी २०१६ पासून चालू आहे. त्याच दिवशी बारा आठवड्यांच्या आतल्या बायकांची सोनोग्राफी तालुक्यातच व्हावी. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार सर्रास आढळतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर बाळाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्यात करता येते, आणि त्यांना मुंबईला न पाठवता निदान नमुना तरी मुंबईला जावा. ॲनोमली स्कॅन एकोणिसाव्यात ठरला असेल तर तो एकोणिसाव्यातच व्हावा, आणि तो चुकला तर आशाताईने दुसऱ्या दिवशी दार वाजवावं. फीटल एकोचे डॉक्टर प्रत्येक जिल्ह्यात आठवड्यातून एकदा तरी यावेत. आणि रिपोर्ट वाईट आला, तर त्या बाईजवळ खुर्ची ओढून बसणारं, घाई न करणारं एक माणूस पगारावर नेमलेलं असावं.

तोवर तुझ्यापाशी पोचणाऱ्या बाईला उशीर का झाला, हे विचारताना पहिलं बोट तिच्याकडे करू नये, एवढी विनंती तुझ्या नावाने निर्णय देणाऱ्या सगळ्यांना आहे.

कळावे,
एका भाचीची मावशी